काटेवाल्याचं वजन

कृष्णा तळेकर माणसांना नावानं कमी आणि काट्यानं जास्त ओळखायचा. ‘ती गं, दहा किलोचा हिरवा काटा, पन्नास ग्रॅम खाणारा,’ असं तो म्हणाला की त्याच्या बायकोला, विनयाला, कळायचं, पापडीच्या बाजारातल्या सत्यवती कोळणीबद्दल चाललंय. बाजारातले लोकही त्याला कधी नावानं हाक मारत नसत. विरारपासून नायगावपर्यंतच्या मासळीवाल्या, भाजीवाले, किराणावाले, सगळ्यांच्या तोंडी तो नुसता ‘काटेवाला’. वालीवला एका गाळ्यात त्याचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. आठवड्याचे चार दिवस मात्र बाजारांतून फेरी. खांद्याला पाने-पकडींची पिशवी आणि स्कूटरवर पायाशी सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं.

चाळीस वर्षांत त्यानं एक नेम मोडला नव्हता. काटा बिघडलाय असं कुणी म्हटलं, की आधी त्यावर आपली वजनं ठेवून बघायची, मगच स्क्रूला हात लावायचा. कितीदा तरी काटा बरोबरच निघायचा आणि दुकानदाराचं तोंड वाकडं व्हायचं. पण तोंडं बघून स्क्रू फिरवणाऱ्यांतला तळेकर नव्हता. काटा कुणाचा मेव्हणा नसतो, असं त्याचं म्हणणं. अशा माणसानं एप्रिल महिन्यात आपल्याच घरात, आपल्याच काट्याशी जे केलं, ते सांगितलं असतं तर बाजारात कुणाचा विश्वास बसला नसता. म्हणून नीट पहिल्यापासूनच सांगायला हवं.

जानेवारीत तो पापडीला पडला. तसा आधी दोन महिने पडतच होता, फक्त कुणाला दिसू देत नव्हता. बोळिंजच्या इमारतीत त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना तो दुसऱ्या मजल्यावर थांबायचा आणि शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचल्यासारखं करायचा, जशी काही ती पाटी बावीस वर्षांत वाचून झाली नव्हती. रात्रीच्या एका उशीच्या तीन झाल्या. बूट घट्ट व्हायला लागले तर तो चपला घालायला लागला. विनयानं विचारलं की ‘पित्त’ म्हणायचा. पित्ताच्या नावावर आपल्याकडे काय वाट्टेल ते खपतं.

त्या शुक्रवारी सत्यवतीचा काटा तपासायला त्यानं पाच किलोचं वजन उचललं, आणि ते त्याला पन्नास किलोचं झालं. घरघरत तो तिच्या पाटीशेजारी खाली बसला. सत्यवतीनं गिऱ्हाईक तसंच सोडलं, रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा अडवली. “चल रे लवकर, मानूस बुडतंय माझं!” असं ती रिक्षावाल्यावर ओरडली. बुडतंय हा शब्द किती नेमका होता, ते नंतर दवाखान्यात कळलं.

तिथं सुझान सिस्टर होती. वसईचीच, तिशीतली, जिभेनं फटकळ आणि हातानं मऊ. हार्ट फेल्युअर हे शब्द ऐकून विनयाच्या डोळ्यांसमोर अंधारी आली, तेव्हा तिनंच तिला खुर्चीत बसवलं. “मावशी, हृदय बंद पडलेलं नाही. दमलंय. पंप दमला की पाणी पुढं ढकललं जात नाही, मग ते साचतं. पायात, पोटात, छातीत. काकांची फुप्फुसं पाण्यानं भरलीत, म्हणून श्वास घेता येत नाही.” औषधांनी आठ दिवसांत त्याच्या अंगातलं सात किलो पाणी काढलं. घरी सोडताना वजन भरलं बासष्ट किलो चारशे ग्रॅम.

“हा आकडा पाठ करा,” सुझाननं दोघांना समोर बसवून सांगितलं. “रोज सकाळी बाथरूमला जाऊन आलं की चहाच्या आधी वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, दम लागला, तर मला फोन. विचार करत बसायचं नाही. वेळेत कळलं तर औषध वाढवून भागतं. उशीर केलात तर पुन्हा इथं भरती. आणि दरवेळी इथपर्यंत पोचता येईलच, असं मी सांगू शकत नाही.”

विनया तीस वर्षं बालवाडीत शिकवून निवृत्त झालेली बाई. पोरांना रांगेत उभं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता पोर एकच उरलं होतं, त्रेसष्ट वर्षांचं. दीड लिटरचा स्टीलचा जग ती सकाळी भरून ठेवायची. दिवसभराचं पाणी त्यातलंच, आणि चहा-ताक प्यायलं की तेवढं पाणी त्यातून कमी. पापड, लोणचं, सुकट, फरसाण यांना घरबंदी झाली आणि स्वयंपाक अळणी. गोळ्यांचे तीन डबे झाले. सकाळचा वजनाचा आकडा ती भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथीखाली लिहायची, आणि मग तो घरच्या ग्रुपवर टाकायची. ग्रुप त्यांच्या मुलीनं, स्वप्नानं, काढला होता. त्याचं नाव ‘बाबांचं वजन’. स्वप्ना नायगावला राहायची. ऑफिसला निघता निघता तिचा अंगठा आला की बोळिंजच्या घरात चहा उकळायचा.

वजन करायला स्वप्नानंच एक काचेचा चपटा काटा पाठवला होता. तळेकरानं तो उलटा करून बघितला, कानाशी धरून हलवला आणि परत खोक्यात घातला. “ना शिक्का, ना सील. हा काय काटा झाला? ही पोळपाटाची चुलत बहीण आहे,” म्हणाला. मग गाळ्यावरून त्यानं स्वतःचा काटा आणवला. लोखंडी, गोल चकतीचा, आत स्प्रिंग आणि खाली शून्य जुळवायचं बारीक चाक. “हा माझ्या हातचा आहे. हा सांगेल ते खरं.” विनयानं मान डोलावली. काट्यातलं तिला काय कळणार?

फेब्रुवारी छान गेला. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, जड काही न उचलता थोडं हिंडा-फिरा, आणि तळेकर आठवड्यातून दोन दिवस हलक्या पिशवीनिशी पुन्हा बाजारात जायला लागला. ‘काटेवाले आले!’ अशी हाक आली की त्याला बरं वाटायचं. घरी तो पेशंट होता, बाजारात तो कुणीतरी होता.

पण बाजारात एक अडचण होती. सकाळच्या डब्यात एक पाण्याची गोळी असते. ती अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढून टाकते. ती घेतली की पुढचे तीन तास माणसाला बाथरूमचा उंबरा सोडवत नाही. भर बाजारात दर वीस मिनिटांनी जायचं कुठं? सुझान सिस्टर मुलीच्या वयाची, तिला हे कसं विचारणार? आणि विनयाला सांगावं, तर ती बाजारच बंद करणार. मग तळेकरानं आपल्यापुरता तोडगा काढला. बाजाराच्या दिवशी पाण्याची गोळी तोंडात न जाता पिशवीतल्या स्क्रूंच्या डबीत जायला लागली. आधी आठवड्याला दोन गेल्या. एप्रिलमध्ये लग्नसराईमुळे कामं वाढली, तशा चार-चार जायला लागल्या.

त्यात सत्यवतीनं भर घातली. एके शुक्रवारी त्याला लांबूनच बघून ती म्हणाली, “काटेवाल्या, तब्येत झाली की रे तुझी! गाल वर आले.” आता आपल्याकडे तब्येत म्हणजे प्रकृतीही आणि अंगावर चढलेलं मांसही. जाड होणारा सुधारला, वाळणारा खंगला, हा हिशोब आपल्या हाडात बसलेला. बिचारी प्रेमानंच बोलली. तळेकर मनातून सुखावला. दुसऱ्या दिवशी काटा त्रेसष्टच्या वर गेलेला दिसला, तेव्हा त्याला सुझानचे शब्द आठवायला हवे होते. आठवली ती सत्यवती.

त्यानंतरच्या सकाळी त्रेसष्ट आणि सहाशे. विनया पेन्सिल घ्यायला आत गेली होती. तळेकर काट्यावरून उतरला आणि त्याच्या मनात आलं, स्प्रिंग थकली असणार. जुनी स्प्रिंग आहे, उन्हाळा आहे. त्यानं वाकून खालचं चाक अंगठ्यानं थोडं मागं फिरवलं आणि पुन्हा वर उभा राहिला. बासष्ट पाचशे. विनयानं येऊन तेच लिहिलं. वजनं ठेवून बघणं नाही, काही नाही. चाळीस वर्षांचा नेम मोडायला एक अंगठा पुरला.

पुढच्या आठ-दहा दिवसांत चाक आणखी तीनदा फिरलं. त्याला कळत नव्हतं का? कळत होतं हो. अशा गोष्टी माणसाला कळतातच. पण वाढलेला आकडा विनयासमोर आला की फोन होणार, फोन झाला की दवाखाना, सलाइन, शेजारच्या खाटेवरचा तो कण्हणारा म्हातारा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विनयाचा तो जानेवारीतला चेहरा. त्यापेक्षा स्प्रिंगवर आळ घेणं सोपं होतं. ग्रुपवर रोज बासष्ट-पाचशे, बासष्ट-सहाशे जात राहिलं आणि स्वप्नाचे अंगठे येत राहिले. इकडे उशा पुन्हा एकाच्या तीन झाल्या. “मान दुखतेय,” तो म्हणाला. या वेळी पित्ताची पाळी नव्हती.

रविवारी सकाळी तो कॉटवर पाय लांब करून पेपर वाचत होता. विनया बाजारातून सुरमई घेऊन आली. पिशवी ओट्यावर ठेवून ती खोलीत आली तर तिची नजर त्याच्या घोट्यावर गेली. कालच्या मोज्याचा वळ अजून तसाच होता, दोरी बांधल्यासारखा. ती जवळ बसली आणि मासळीवाल्यांकडे सुरमई जशी अंगठ्यानं दाबून बघतात तशी तिनं त्याची नडगी दाबली. मासळी ताजी असेल तर खड्डा लगेच भरून येतो. इथं अंगठा उचलला तरी खड्डा राहिला.

“मी काय मासळी आहे?” तळेकर पाय ओढून घेत म्हणाला.

“मासळी परवडली. ती ‘मान दुखतेय’ म्हणत नाही.”

“अगं, उगाच काहीतरी काढू नकोस. सकाळीच वजन केलंय ना? बासष्ट सहाशे. तूच लिहिलंस.”

काटा एक सांगत होता आणि अंगठा दुसरं. ती उठून काट्यापाशी गेली, वाकून बघितलं. वर कुणी उभं नव्हतं, आणि काटा शून्यावर नव्हता. शून्याच्या मागं, चांगल्या अडीच रेघा मागं उभा होता.

“हा असा मागं का?”

“स्प्रिंगचा असाच असतो,” तळेकर पेपरातून म्हणाला. “भार आला की बरोबर येतो.”

“बरं. मग भार आणते.”

मोठी वजनं जानेवारीपासून गॅलरीत गोणपाटाखाली पडून होती. तळेकराला ती उचलायला बंदी होती आणि विनयानं जन्मात त्यांना हात लावला नव्हता. तिनं पदर खोचला, दोन्ही हातांनी वीस किलोचं एक वजन उचललं आणि पाय फाकून चालत काट्याशी आणलं. मग दुसरं वीसचं, मग दहाची दोन. तळेकर कॉटच्या कडेला बसून बघत होता. धड बोलायची हिंमत नाही आणि गप्प बसवतही नाही, अशी त्याची गत झाली.

“कडेला नको, मधोमध,” शेवटी त्याच्या तोंडून निघालंच. “आणि आपटू नकोस गं, हळू.”

साठ किलो. शिक्का मारलेले, बिनचूक साठ किलो. चकती हलली, थरथरली आणि साडेसत्तावन्नावर थांबली.

अडीच किलोंचा फरक. म्हणजे सकाळी त्याचं खरं वजन पासष्टच्या पुढं होतं, आणि फोन चार दिवसांपूर्वीच व्हायला हवा होता. हे सांगायला त्या खोलीत कुणाची गरज नव्हती.

“मापात पाप, तळेकर?” विनया म्हणाली. ती त्याला आडनावानं हाक मारायची ती फक्त भांडणात. पण आवाजात भांडण नव्हतं. “मला फसवलंत ते जाऊ दे. मी रोज सकाळी तो आकडा लिहून देवाला नमस्कार करत होते हो.”

तळेकरानं पेपराची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. “मला परत तिथं जायचं नाही, विनया. भीती वाटते मला.” पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यानं पहिल्यांदा उच्चारलं. ती त्याच्याशेजारी बसली आणि त्याचा सुजलेला पाय तिनं आपल्या मांडीवर घेतला. भीती तिलाही होती. तिनंही ती सांगून टाकली. मग डोळे पुसून फोन लावला.

सुझान सिस्टरनं भराभरा विचारलं. दम? उशा? छातीत दुखतंय का? मग म्हणाली, “लगेच घेऊन या. आणि गोळ्या चुकल्यात का, ते काकांनाच बोलू दे.” विनयानं फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

“ती... पाण्याची,” तळेकर चाचरला. “बाजाराच्या दिवशी घेत नाही मी. तिथं जायला जागा नसते ना.”

पलीकडे सुझान हसली. “अहो काका, मग बाजारातून आल्यावर घ्या की दुपारी! तुमची गोळी त्या दिवशी उशिरा घेतली तरी चालेल, फक्त चुकवायची नाही. डॉक्टरांना विचारून तसं लिहूनच देते. एवढ्यासाठी जीव धोक्यात घातलात? विचारायचं ना मला!”

“लाज वाटली.”

“लाज कसली? मी दिवसभर लोकांच्या लघवीचीच मापं लिहीत असते!”

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, रक्त तपासलं, औषध वाढवलं, आणि डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर भरती करावं लागलं असतं. संध्याकाळी पाचला दोघं इमारतीपाशी पोचली. खालच्या दारात स्वप्ना उभी, रडून नाक लाल झालेली. आईनं ग्रुपवर खरा आकडा टाकला होता. ती बापाला काही बोलणार होती, पण जिन्यात दुसऱ्या मजल्यावर तो थांबला आणि पहिल्यांदाच पाटी न वाचता सरळ म्हणाला, “थांब गं पोरी, दम लागलाय.” मग तिच्यानं रागावणं झालं नाही. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली.

चार दिवसांत पाणी उतरलं. पाचव्या सकाळी तळेकरानं चाक पुन्हा जागेवर आणलं आणि विनयाला वजनं ठेवायला सांगितली. बरोबर साठ. ती काढून तो स्वतः वर उभा राहिला आणि खाली बघितलंच नाही. समोर भिंतीकडे बघत म्हणाला, “तू वाच.” तिनं वाचलं, “बासष्ट आठशे.” लिहिलं, ग्रुपवर टाकलं, अंगठा आला.

“आता तू उभी राहा,” तो म्हणाला.

“मी कशाला? मला काय झालंय?”

“राहा गं. माणसावर कसा चालतो ते मला बघायचंय.”

हसत ती वर चढली. तळेकर गुडघ्यांवर हात टेकून वाकला. एकोणपन्नास. गेल्या दसऱ्याला गाळ्यात हत्यारांची पूजा झाल्यावर ती गंमत म्हणून मोठ्या काट्यावर उभी राहिली होती. तेव्हा पंचावन्न होती, त्याला पक्कं आठवत होतं. त्यानं तिला उतरायला सांगितलं आणि शून्य बघितलं. काटा शून्यावर होता. पुन्हा चढवलं. एकोणपन्नासच. स्प्रिंगला दोष द्यायची सोय उरली नव्हती.

“सहा किलो, विनया. कुठं गेले?”

ती चुळबुळली. “काही नाही हो. अळणी जात नाही मला फारसं.”

“पण तू कशाला अळणी खातेस? तुझ्यापुरतं मीठ घ्यायचं ना वरून!”

“तुम्ही समोर तसं जेवताय, आणि मी मीठ घेऊन बसू?” तिनं असं विचारलं, जणू यात सांगण्यासारखं काय आहे. “नाही घशाखाली उतरत.”

साडेतीन महिने ती रोज दोन वेळा त्याच्या समोर जेवायला बसत होती. बाजारातल्या प्रत्येक पारड्यात किती पडतं ते सांगणाऱ्या माणसानं समोरच्या ताटात किती पडतंय ते एकदाही पाहिलं नव्हतं. त्यानं तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरात आपल्या आकड्याखाली तिचा आकडा लिहिला. मग स्वयंपाकघरात जाऊन स्टूल ओढलं.

“माळ्यावर कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवलीस ना? काढ.”

“अहो, तुम्हाला चालत नाही.”

“माझ्यासाठी कोण म्हणतंय?”

त्याला चढायला बंदी, म्हणून ती चढली आणि त्यानं स्टूल घट्ट धरून ठेवलं. दुपारी दोघं जेवायला बसली. त्याच्या ताटात नेहमीचं वरण-भात, लिंबाची फोड. तिच्या भाताशेजारी त्यानं स्वतःच्या हातानं लोणच्याची एक मोठी फोड वाढली आणि खारही ओतला. तिनं पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट लागलं, म्हणाली. तळेकर आपलं जेवण थांबवून तिच्याकडे बघत होता.

“आणखी घे,” तो म्हणाला.